अकरा एकांची वही

फोन आला तेव्हा चौकीच्या घड्याळात बारा चाळीस झाले होते. पलीकडे एक बाई होती. आवाज अगदी सपाट.

"माझे मामा गेले. खुर्चीत बसल्याबसल्या. पण आपल्या मरणाने नाही. तुम्ही या."

फौजदारबाईंनी पत्ता लिहून घेतला, डब्याचं उघडलेलं झाकण परत लावलं आणि हवालदारांना हाक मारली. नोकरीला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत दुपारचं जेवण वेळेवर झालं असे दिवस बोटांवर मोजता आले असते.

बंदरामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. वर जायला एकच जिना आणि जिन्याच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान. दार उघडलं तशी आतली ऊब अंगावर आली. कोपऱ्यात शेगडी धगधगत होती, खिडक्या घट्ट लावलेल्या. म्हातारा टेबलासमोर आरामखुर्चीत होता. उजवा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये, स्टुलावर ठेवलेला. मान खांद्यावर कललेली. पाठीशी असायची ती लाल लोकरीची उशी त्याच्या पोटावर पडली होती, आणि त्याच लोकरीचे दोन-तीन धागे ओठांना चिकटले होते.

"तोंड दाबून मारलंय," पोलिसांबरोबर आलेले डॉक्टर म्हणाले.

"केव्हा?"

"खोली केवढी तापलीय बघा. अशात अंग लवकर गार पडत नाही. दहा ते साडेबारा, एवढंच सांगतो. याहून नेमकं विचाराल तर मी ठोकून देईन आणि कोर्टात नाक तुमचं कापलं जाईल."

फौजदारबाई टेबलाकडे वळल्या. एक दगडी पाटी, स्वच्छ पुसलेली. शेजारी ओला स्पंज. पाटीवरची पेन्सिल, करंगळीहून लांब. मूळ संख्यांचं एक छापील पुस्तक. आणि उघडी वही. पानाच्या माथ्यावर ठळक शाईत एकच आकडा होता, १११११११११११. त्याखाली तारीख आजची, आणि 'सकाळी ८'. मग तीन रकाने: अनुक्रम, भाजक, बाकी. बारीक, देखणे, एकसारखे आकडे पानभर उतरले होते. शेवटची ओळ बावन्नावी.

"हा कुणाचा फोन नंबर म्हणायचा?" हवालदार पुटपुटले.

"अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा." दाराशी उभी असलेली भाची म्हणाली. तिशीची, टेलिफोन केंद्रातल्या गणवेशात. "अकरा एक ओळीने. मामांचं वेड."

ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली आणि विचारलं तेवढंच सांगत गेली. मामा बंदराच्या गणना कार्यालयात तपासणीस होते. भरती-ओहोटीचे तक्ते तिथे तयार होत. कुठल्या दिवशी, किती वाजता, बंदराच्या तोंडाशी किती फूट पाणी. सगळे त्यांना ताळेबुवा म्हणत, कारण कुणी काहीही सांगितलं की यांचा पहिला प्रश्न, 'ताळा जुळवलास का?' निवृत्त झाले आणि आठवड्यात जिन्यावरून पडले. मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून खुर्ची.

"आणि हा आकडा?"

"खुर्चीत बसून डोकं फिरेल म्हणून घेतला. नुसत्या एकांच्या संख्या त्यांना आवडायच्या. तीन एक सदतीसने तुटतात, पाच एक एक्केचाळीसने, सात एक दोनशे एकोणचाळीसने. अकरा एक कशाने तुटतात, की तुटतच नाहीत, ते शोधायचं होतं. लोक सांगायचे, अहो, कुठल्यातरी पुस्तकात असेल की उत्तर. मामा म्हणायचे, असेल, मला सांगू नका."

"शोधायचं कसं?"

"एकेक मूळ संख्या घ्यायची आणि भागायचं. बाकी उरली की पुढची. पाटीवर भागाकार, वहीत फक्त बाकी. ज्या दिवशी बाकी शून्य येईल, त्या दिवशी संख्या तुटली. एक लाख पाच हजार चारशे नऊपर्यंत, म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंत, एकाही मूळ संख्येने तुटली नाही, तर मात्र ती स्वतःच मूळ. दोन महिन्यांत चोवीसशेच्या वर झाले होते."

"घाई करायचे?"

"छे. एका भागाकाराला पाच मिनिटं. सकाळी आठला सुरू, साडेबाराला जेवण. मध्ये मी आत गेलेली खपायची नाही. तुम्ही घड्याळ बिघडलं तर वहीवरून लावून घ्या. रोज एक नवी पेन्सिल, दुपारपर्यंत नखाएवढी उरायची."

"आज तुम्ही कधी आलात?"

"पावणेबाराला माझी पाळी संपते. बाराला घरी. जेवण गरम केलं, साडेबाराला ताट घेऊन आत गेले."

"बारा ते साडेबारा आवाज आला?"

"नाही. पण त्यांचा यायचाच नाही कधी."

हवालदारांनी तोवर बोटं मोजून हिशेब केला होता. बावन्न ओळी, प्रत्येकी पाच मिनिटं. चार तास वीस मिनिटं. आठाला सुरुवात.

"बाई," ते हळूच म्हणाले, "म्हणजे बारा वीसला म्हातारा जिवंत होता. आणि घरात ही एकटी."

भाचीने ते ऐकलं. आपल्या तोंडाने आपण काय सांगून बसलो हे तिला तेव्हा कळलं असावं. ती एवढंच म्हणाली, "मी खरं तेच सांगितलंय."

खाली शिंप्याने उरलंसुरलं पुरं केलं. सकाळपासून मशीन दाराशीच होतं. नजर चुकवून कुणी वर जाईल तर शपथ. गणना कार्यालयाचे प्रमुख दहा पाचला चढले, दहा पस्तीसला उतरले. बाराला भाची. तिसरं कुणी नाही.

"वेळ एवढी पक्की कशी?"

"साडेदहाला गिऱ्हाइकाला कोट द्यायचा होता. माझा सगळा जीव घड्याळात." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "एक सांगू? परवा वर कडाक्याचं भांडण झालं. पोरगी ओरडत होती, 'तुमच्या त्या अकरा एकांपायी माझा जन्म जायचा.' सगळ्या जिन्याने ऐकलं."

गणना कार्यालय बंदराच्या दुसऱ्या टोकाला होतं, चालत दहा मिनिटं. लांबलचक हॉल, मधोमध लाकडी आडोसा. आडोशाच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ गणक माना खाली घालून बसलेले. एकच गणित दोन्हीकडे सोडवलं जाई. एकमेकांशी बोलायचं नाही, कागद बघायचा नाही. संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. जुळले तरच आकडा खरा. फौजदारबाईंनी चार-पाच कागद पाहिले आणि त्यांना जरा कसंसंच झालं. सोळा माणसं, पण आकडे जणू एकाच हाताचे.

"पहिले सहा महिने आम्ही फक्त दहा अंक गिरवून घेतो," प्रमुख म्हणाले. पन्नाशीचे, टापटीप, हातात टाचणी. "छापखान्यात एकाचा सात झाला, तर जहाज खडकावर जाईल. मलाही ताळेबुवांनीच गिरवायला लावलं होतं. माझे गुरू ते."

"आज कशाला गेला होतात?"

"काल त्यांचा फोन आला. येऊन जा म्हणाले. एकटे पडले होते हो. नोकरी सुटली की माणूस सुकतो."

"किती वेळ होता?"

"अर्धा तास. पावणेअकराला मी इथे होतो. हे सोळा जण सांगतील. तेव्हापासून जागचा हललेलो नाही."

"म्हणजे अर्धा तास त्यांचं काम बंद राहिलं."

टाचणी त्यांच्या बोटांत थांबली. फार तर एक श्वासभर.

"नाही नाही," ते म्हणाले, "काम कुठलं बंद? ते भागतच होते. मी समोर बसून बोलत होतो, ते पाटीवर भागत होते. मी असताना पाच-सहा भागाकार तरी झाले. हात काही थांबला नाही त्यांचा. जुनी सवय."

"तुम्ही पाहिलंत?"

"डोळ्यांनी पाहिलं."

फौजदारबाईंनी ते शब्दाला शब्द उतरवून घेतलं आणि खाली सही घेतली. परत येताना त्या मनात हिशेब मांडत होत्या. अर्धा तास भेटीत गेला असता, तर बावन्न ओळी बारा पन्नासला झाल्या असत्या. आणि बारा चाळीसला तर भाचीचा फोन चौकीत आला होता. हे भोक दिसतंय तोवर प्रमुखांनी ते बुजवूनही टाकलं होतं.

भाचीला विचारलं तर तिने मान हलवली. "कुणी आलं की मामा पेन्सिल खाली ठेवायचे. माणसासमोर आकडे करत बसणं त्यांना उर्मटपणा वाटायचा."

"फोनवर प्रमुखांना काय म्हणाले होते?"

"'उद्या ये, तोंडावर बोलायचंय.' बस. गेला आठवडाभर घुश्श्यात होते. गेल्या वर्षीचा भरतीचा तक्ता मागवून घेतला होता, तो आज दिसत नाही कुठे."

गेलं वर्ष कोण विसरणार होतं? प्रवाशांची लाँच बंदराच्या तोंडाशी वाळूवर चढून उलटली, चौदा माणसं बुडाली. तक्त्यात अकरा फूट पाणी होतं. कप्तानाने भलती वाट घेतली असं ठरलं, आणि तो अजून तुरुंगात होता.

चौकीत फौजदारबाईंच्या वरिष्ठ साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. साहेब वाईट नव्हते, पण दोनदा विचार करायचा त्यांना कंटाळा होता.

"एक म्हणतो ते भागत होते, एक म्हणते भागत नव्हते. त्यात एकीवर खुनाचा संशय. बाई, इथे निष्पक्ष साक्षीदार एकच आहे. ती वही. आणि वही म्हणते बारा वीस."

"मग साक्षीदाराची उलटतपासणी नको घ्यायला?"

"वहीची?" साहेब हसले. "घ्या. उद्या दुपारी बारापर्यंत. मग मुलीला आत टाकायची. खून आहे बाई, फासावर जाईल ती. लोक विचारतायत."

भाची ती रात्र चौकीच्या बाकावर बसून होती. तिने जेवण नाकारलं, पांघरूण नाकारलं.

सकाळी सातला फौजदारबाईंनी मागच्या खोलीत दोन टेबलं मांडली. मधोमध कपाट सरकवलं. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला हवालदार. दोघांसमोर कोऱ्या कागदांचा गठ्ठा.

"बाई, मी आयुष्यात एवढा मोठा भागाकार केलेला नाही."

"मी शाळेत गणितात दोनदा नापास झालेय. म्हणूनच दोघांनी करायचा. तुमचं माझं जुळलं तरच खरं. ओळ पहिली, भाजक २१४०७."

वीस मिनिटं लागली. कपाटाच्या दोन्ही बाजूंनी एकच उत्तर आलं: बाकी ४२४. वहीतही ४२४.

"आता शेवटची. बावन्नावी. २१८८१."

हवालदारांचं आलं ४९५४. बाईंचंही ४९५४. वहीत होतं १३३०७.

दोघांनी पुन्हा केलं. पुन्हा ४९५४. हवालदारांनी वहीकडे असं पाहिलं की जणू ती आत्ता काही बोलली.

"ताळेबुवा चुकले?"

"बघू. तेरावी घ्या."

तेरावी बरोबर. विसावी बरोबर. पंचविसावी, भाजक २१६१३, बाकी १९१०२. बरोबर. सव्विसावी, २१६१७, वहीत ४८७२. दोघांचं आलं १६३४५. चूक. सत्ताविसावी, २१६४७, वहीत ११९५०, खरी बाकी ९०६९. चूक.

हात आता सरावले होते. एका भागाकाराला सात-आठ मिनिटं पुरत होती. अठ्ठाविसावी ओळ. बाईंनी शेवटची वजाबाकी केली, पेन्सिल खाली ठेवली आणि कपाटापलीकडे कान लावला. पलीकडेही काही हालचाल नव्हती.

"हवालदार?"

"बाई, माझं काहीतरी चुकलंय."

"सांगू नका. पुन्हा करा. मीही करते."

पुन्हा केलं. मग हवालदार कागद घेऊन कपाटाला वळसा घालून आले. त्यांचा चेहरा उतरला होता. दोन्ही कागद शेजारी ठेवले, आणि फौजदारबाईंना त्या तापलेल्या बंद खोलीतला म्हातारा पुन्हा डोळ्यांसमोर दिसला.

साडेदहापर्यंत त्यांनी सव्विसाव्यापासून चौतिसाव्यापर्यंत सगळ्या ओळी तपासल्या. मग बाईंनी गणना कार्यालयात निरोप धाडला: जबानीत किरकोळ दुरुस्ती आहे, साडेअकराला ताळेबुवांच्या खोलीवर या.

शेगडी विझली होती. खोली आता गारठली होती. साहेब खिडकीशी उभे होते, दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहत. भाची भिंतीला टेकून. प्रमुख आले, तिच्याकडे न पाहता टेबलाशी बसले. दारात हवालदार.

"तुमची जबानी वाचते," फौजदारबाई म्हणाल्या. "'मी समोर बसून बोलत होतो, ते भागत होते. पाच-सहा भागाकार झाले. डोळ्यांनी पाहिलं.' ठीक?"

"ठीक."

"तुम्ही आलात दहा पाचला. तोवर ओळी झाल्या पंचवीस. मग तुमच्यासमोर झाल्या त्या सव्वीस ते एकतीस."

"असतील. माझी हरकत नाही."

"अठ्ठाविसावी वाचा."

"भाजक २१६४९. बाकी ७३०६."

"ही लिहिल्यावर ताळेबुवा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? पुढच्या ओळीला लागले."

"नक्की?"

"अहो, नक्की म्हणजे काय, समोर होतो मी!"

बाईंनी पाटी त्यांच्यासमोर सरकवली. त्यावर पेन्सिल ठेवली.

"ती ओळ तुम्ही भागून दाखवा."

"हा काय पोरखेळ आहे?" प्रमुख साहेबांकडे वळले. साहेबांना काहीच कळलं नव्हतं, पण कुतूहल जागं झालं होतं. "भागा की," ते म्हणाले. "तुमचा तर हातचा मळ."

प्रमुखांनी पेन्सिल उचलली. अकरा एक लिहिले, शेजारी २१६४९. पाचाचा भाग गेला. मग एकाचा. मग तिनाचा. खोलीत दगडावर पेन्सिल घासल्याचा तेवढा आवाज होता. दोनाचा. पुन्हा तिनाचा. मान खाली होती, पण कपाळावर घाम उगवत होता. शेवटचा एक खाली आला आणि आकडा झाला १९४८४१. त्यांनी कडेला २१६४९ला नवाने गुणलं. गुणाकार आला १९४८४१.

हात थांबला.

"लिहा," बाई म्हणाल्या. "वजाबाकी राहिलीय."

त्यांनी लिहिलं नाही. भाची भिंतीपासून पुढे आली, पाटीवर वाकली. एकाखाली एक तेच दोन आकडे तिने पाहिले आणि तोंडावर हात घेतला.

"शून्य," ती म्हणाली. "मामांचे अकरा एक तुटले."

"एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने," बाई म्हणाल्या, "पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस वेळा, निःशेष. साहेब, हा माणूस दोन महिने रोज सकाळी ज्या शून्यासाठी या खुर्चीत बसत होता, ते शून्य म्हणे यांच्या डोळ्यांदेखत आलं. आणि म्हातारा ७३०६ लिहून गुपचूप पुढच्या ओळीला लागला. तुम्हाला पटतं?"

"दमले असतील," साहेब सावधपणे म्हणाले. "चुकले असतील."

"पहिल्या पंचविसातल्या चार ओळी मी कुठूनही उचलून तपासल्या, पंचविसावीसुद्धा. चारही बरोबर. सव्वीस ते चौतीस आणि बावन्न, अशा दहा तपासल्या. दहाही चूक. दमलेला माणूस अधूनमधून चुकतो, साहेब. पंचविसाव्या ओळीपर्यंत एकही नाही आणि सव्विसाव्यापासून एकूण एक, असं चुकायला ठरवून चुकावं लागतं. या ओळी कुणी भागलेल्याच नाहीत. पुस्तकातून मूळ संख्या उतरवल्या आणि पुढे मनाला येतील ते आकडे टाकले. खरे भागाकार करायला सव्वादोन तास लागले असते. खोटे लिहायला दहा मिनिटं पुरली."

प्रमुख पाटीकडेच पाहत होते.

"पेन्सिल बघा. बावन्न भागाकारांनंतर नखाएवढी उरायला हवी, ही अर्धीही झिजलेली नाही. आणि ताळेबुवा पाटी पुसायचे ती पुढचा भागाकार मांडण्यासाठी. भागाकार करताकरता मेलेल्या माणसाची पाटी कोरी कशी? त्यावर २१६१३चं गणित तसंच होतं, ते कुणालातरी दिसायला नको होतं. काल हे सगळं माझ्या समोर होतं आणि मी नुसती बघत राहिले. मला त्याची लाज वाटते."

"म्हणजे मृत्यू..." साहेब म्हणाले.

"दहा पाचनंतर लगेच. पाहुणा आला, ताळेबुवांनी पेन्सिल खाली ठेवली, ती पुन्हा उचललीच नाही. त्या वेळी ही मुलगी टेलिफोन केंद्रात होती. वर होते ते हे एकटे. ताळेबुवांसारखे आकडे काढणारी या गावात सतरा माणसं. त्यांतली सोळा त्या वेळी आपापल्या टेबलाशी. शेगडीही यांनीच भडकवली, म्हणजे डॉक्टरांचा अंदाज पसरेल. बारा वीसचा हिशेब चोख केला, फक्त स्वतःचा अर्धा तास त्यात धरायला विसरले. मी विचारलं तेव्हा लक्षात आलं, आणि मग म्हणाले की ते माझ्यासमोर भागत होते. तिथे फसले. तुम्ही नुसतं 'आम्ही गप्पा मारल्या' म्हणाला असतात ना, तर मला फार जड गेलं असतं."

मग प्रमुखांनी विचारलं, "२१६४९? खरंच?" त्यांनी पाटी जवळ ओढली आणि सगळ्या पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून तपासल्या. तपासून झाल्यावर त्यांचे खांदे पडले.

"ताळेबुवांनी लाँचच्या दिवसाचं पाणी पुन्हा गणित करून काढलं होतं," ते म्हणाले. "पाच फूट. तक्त्यात अकरा. त्या वर्षी चार गणक आजारी होते, छपाईची तारीख उद्यावर आलेली. सहा पानं मी अंदाजाने भरली. दोन्ही बाजूंचे कागद मीच लिहिले, म्हणजे जुळणारच. वीस वर्षं मी भरतीचे आकडे पाहतोय, अंदाज चांगला आहे माझा. एक दिवस सोडला तर सगळे जवळपास बरोबर आले."

"त्या एका दिवशी चौदा माणसं मेली," बाई म्हणाल्या. "आणि कप्तान तुरुंगात आहे."

"त्यांनी मला आठ दिवस दिले होते. आपण होऊन सांग म्हणाले. गुरू म्हणून शेवटचं सांगतो, म्हणाले." प्रमुखांनी डोळे मिटले. "मी उशी हातात घेतली तेव्हासुद्धा त्यांना वाटलं, मी त्यांच्या पाठीला लावतोय. थोडे पुढे झाले ते."

भाचीच्या तोंडून एक आवाज निघाला. हवालदारांनी पुढे होऊन प्रमुखांचा दंड धरला. जिन्यावर दोघांची पावलं खाली जाताना ऐकू आली, आणि शिंप्याचं मशीन मध्येच थांबलं.

साहेबांनी टोपी हातात घेतली. "तुम्ही मोकळ्या आहात," ते भाचीला म्हणाले. तेही उतरून गेले.

फौजदारबाई वही मिटणार होत्या. भाचीने हात आडवा घातला.

"पंचवीस ओळी झाल्या होत्या ना? अठ्ठाविसावी म्हणजे..."

"तिसरी."

"पंधरा मिनिटं?"

"पंधरा मिनिटं," बाई म्हणाल्या. खोटं बोलावं असं त्यांना फार वाटलं.

"हा आला नसता तर सव्वादहा-दहा वीसला त्यांना मिळालं असतं. मग केंद्रात फोन केला असता मला. कामावर फोन करू नका म्हणून परवाच ओरडले होते मी त्यांना. तरी केला असता." ती मामांच्या खुर्चीच्या हातावर बसली. "मीच उचलला असता. दहा वीसला माझ्याच बोर्डावर येतात या भागातले फोन."

आणि मग ती रडायला लागली, कालपासून पहिल्यांदा, लहान मुलासारखी मोठ्याने. फौजदारबाईंना चौकीत पंचनामा लिहायचा होता, कप्तानाच्या वकिलाला निरोप द्यायचा होता. त्यांनी स्टूल ओढलं आणि तिचा हात हातात घेऊन बसून राहिल्या.